शेततळ्यातला मोती: खरा कोणता आणि चांगला कोणता?

संवर्धित मोती, म्हणजेच बाजारातल्या भाषेत 'कल्चर मोती', हा नकली मोती नव्हे. शिंपल्याच्या अंगात माणसाने बीज ठेवायचे आणि त्याभोवतीचा मोत्याचा थर शिंपल्याने चढवायचा, अशी ही भागीदारी असते. थर शिंपल्याचाच असल्यामुळे मोती खराच असतो. मात्र खरा मोती आणि चांगला मोती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'खरा आहे का?' याचे उत्तर सोपे असते, 'चांगला आहे का?' याचे उत्तर थराची जाडी, चमक, आकार आणि पृष्ठभाग पाहूनच देता येते.

हा फरक आज दागिने घेणाऱ्यांइतकाच शेतकऱ्यांनाही समजायला हवा. जालना जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत शेततळी मोठ्या संख्येने झाली. कडवंचीसारख्या गावाने पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१६ पासून राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजनेतून गावोगाव तळी खोदली गेली. तळ्यात पाणी आहेच, तर त्यात मासे किंवा मोती का घेऊ नयेत, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्याआधी मोत्याची किंमत नेमकी कशामुळे ठरते ते पाहू.

मोती तयार कसा होतो?

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. वाळूचा कण आत गेला की मोती होतो, ही त्यामानाने नवी समजूत. शिंपला वाळूचे कण सहसा बाहेर टाकून देतो. निसर्गात मोती बहुधा एखाद्या परजीवीमुळे किंवा इजेमुळे तयार होतो.

शिंपल्याच्या कवचाच्या आत प्रावार नावाचे मऊ आवरण असते. कवच घडवण्याचे काम या प्रावाराच्या पेशी करतात. इजा होऊन या पेशी शरीराच्या आत ढकलल्या गेल्या, तर त्या तिथेही आपले काम सुरू ठेवतात. त्यांची एक पिशवी तयार होते आणि पिशवीच्या आत थरावर थर साचत जातो. तोच मोती.

या थराला नेकर म्हणतात. शिंपल्याची आतली बाजू चमकते तीही याच द्रव्यामुळे. कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ पापुद्रे आणि त्यांना जोडणारे प्रथिन अशी त्याची रचना असते. एक पापुद्रा सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर थर बसायला जवळजवळ एक हजार पापुद्रे एकावर एक चढावे लागतात. या पापुद्र्यांवरून आणि त्यांच्या आतून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, म्हणून मोत्यावर इंद्रधनुषी झाक दिसते. जुने जाणकार ज्याला मोत्याचे 'पाणी' म्हणतात, ते यातूनच येते.

नैसर्गिक, संवर्धित आणि नकली

*नैसर्गिक मोती* माणसाच्या मदतीशिवाय होतो. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या या दागिन्यांत पूर्वी वापरले जाणारे 'बसराई' मोती या प्रकारचे. ते इराणच्या आखातातून निघत आणि बसरा बंदराच्या व्यापारामुळे त्यांना हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखाती मोत्यांच्या व्यापारात मुंबई ही मोठी पेठ होती. नैसर्गिक मोती आता फार दुर्मीळ आहेत. बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहातल्या मोत्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, यावरून त्यांच्या भावाची कल्पना येईल.

*संवर्धित मोत्याची* सुरुवात जपानमध्ये झाली. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यातून अर्धगोल मोती मिळवला. पुढे इतर संशोधकांच्या कामातून पूर्ण गोल मोत्याचे तंत्र तयार झाले आणि १९२० च्या दशकात हे मोती युरोपच्या बाजारात पोहोचले. त्यांना मोती म्हणायचे की नाही, यावर व्यापाऱ्यांत मोठा वाद झाला. अखेर 'संवर्धित' असे स्पष्ट सांगून विकायचे, हा रिवाज रुळला. त्याच काळात जागतिक मंदी आली आणि आखातातला मोतीव्यवसाय कोसळला. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७३ मध्ये तुतिकोरिनजवळ समुद्री शिंपल्यात गोल मोती तयार केले. गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे 'सिफा'ने विकसित केले.

*नकली मोती* काच, प्लास्टिक किंवा शिंपल्याच्या मण्यावर चमकदार लेप देऊन करतात. त्यात मोत्याचा थर नसतोच. 'शेल पर्ल' किंवा 'सिम्युलेटेड' असे लिहिलेले मोती याच गटातले.

संवर्धित मोत्यांचे मुख्य प्रकार

- अकोया: जपान आणि चीनच्या समुद्रातले. साधारण ३ ते ९ मिलिमीटर, गोल, आरशासारखी चमक. आत मणी असतो.
- साउथ सी: ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, फिलिपिन्समधले. पांढरे किंवा सोनेरी. १० मिलिमीटरहून मोठे सहज मिळतात.
- ताहिती: फ्रेंच पॉलिनेशियातले. करडे, काळे, हिरवट किंवा वांगी झाक असलेले.
- गोड्या पाण्यातले: यात चीनचा वाटा सर्वांत मोठा. बहुतेकांत मणी नसतो, फक्त प्रावाराचा तुकडा ठेवलेला असतो. त्यामुळे मोती जवळजवळ पूर्णपणे थराचाच बनतो. एका मोठ्या शिंपल्यात डझनावारी मोती घेता येतात, म्हणून ते स्वस्त पडतात.

भारतातल्या नद्या-तळ्यांत मिळणारा 'लॅमेलिडेन्स' जातीचा शिंपला चिनी शिंपल्यापेक्षा लहान असतो. गोदावरीच्या खोऱ्यातही तो आढळतो. त्याच्यात मोती घेण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कवच आणि प्रावार यांच्यामधल्या पोकळीत ४ ते ६ मिलिमीटरचा मणी किंवा गणपती, बुद्ध अशा आकृतीचा साचा ठेवतात. दुसऱ्या पद्धतीत प्रावाराच्या मांसात दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा तुकडा बसवतात. तिसऱ्या पद्धतीत जननग्रंथीत तुकडा आणि २ ते ४ मिलिमीटरचा मणी ठेवतात.

पहिली पद्धत सर्वांत सोपी. 'डिझायनर मोती' म्हणून जी आकृती विकली जाते ती याच पद्धतीची. मात्र तो मोती कवचाला चिकटलेला अर्धा मोती असतो. त्याला फक्त पुढच्या बाजूने थर असतो आणि तो कापून काढावा लागतो. पदक किंवा अंगठीत तो शोभतो, पण माळेत ओवता येत नाही. त्यामुळे गोल मोत्याचा भाव दाखवून अर्ध्या मोत्याचे उत्पन्न मोजणे ही पहिली गफलत ठरते.

मोत्याचे सात गुण

मोत्याची प्रत ठरवताना जाणकार पुढील सात गोष्टी पाहतात.

१. चमक. सर्वांत महत्त्वाचा गुण. मोत्यात समोरच्या खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब किती स्वच्छ दिसते ते पाहा. कडा स्पष्ट दिसल्या तर चमक उत्तम. नुसताच पांढुरका डाग दिसला तर मोती खडूसारखा, म्हणजे कमी प्रतीचा.

२. थराची प्रत. थर जाड आणि सलग आहे का? थर फार पातळ असेल तर मोती फिरवताना आतला मणी मिचकावल्यासारखा दिसतो.

३. पृष्ठभाग. खड्डे, फोड, सुरकुत्या, ओरखडे जितके कमी तितका भाव जास्त. पूर्ण निर्दोष मोती क्वचितच मिळतो.

४. आकार. पूर्ण गोल सर्वांत महाग. त्यानंतर थेंबासारखे, बटणासारखे आणि वेडेवाकडे मोती येतात.

५. मोठेपणा. मिलिमीटरमध्ये मोजतात. बाकी गुण सारखे असतील तर मोठ्या मोत्याला जास्त भाव.

६. रंग. मूळ रंग आणि त्यावरची झाक दोन्ही पाहतात. पांढरा, मलई, गुलाबी, जांभळट असे रंग नैसर्गिक असू शकतात. रंगवलेला मोती विकताना तसे सांगायला हवे.

७. जुळणी. माळेत किंवा कुड्यांच्या जोडीत सगळे मोती एकमेकांना शोभतात का? एकट्या चांगल्या मोत्यापेक्षा जुळलेला जोड मिळणे अवघड असते.

या यादीतले पहिले दोन गुण एकमेकांत गुंतलेले आहेत. पातळ थरावर खोल चमक येत नाही, आणि आलीच तर टिकत नाही. घामाने आणि घासण्याने काही वर्षांत थर झिजतो आणि मणी उघडा पडतो. म्हणूनच ताहितीच्या मोत्यांसाठी तिथल्या सरकारने बरीच वर्षे किमान ०.८ मिलिमीटर थराची अट घातली होती.

थर जाड होण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे शिंपला निरोगी ठेवून त्याला पुरेसा वेळ देणे. गडबडीत काढलेला मोती खरा असूनही हलका ठरतो.

जालन्याच्या तळ्यात हा वेळ मिळतो का?

सिफाच्या पद्धतीत शिंपला ८ ते १० सेंटिमीटर लांबीचा निवडतात. बीज ठेवण्याची शस्त्रक्रिया करण्याआधी दोन-तीन दिवस शिंपले कमी पाण्यात दाटीने ठेवतात, म्हणजे त्यांचे स्नायू सैल पडतात. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा दिवस स्वतंत्र टाकीत देखरेख ठेवतात आणि मेलेले शिंपले व बाहेर टाकलेली बिजे वेचून काढतात. मग नायलॉनच्या जाळीदार पिशवीत दोन-दोन शिंपले भरून, बांबू किंवा पाइपाला बांधून ते तळ्यात साधारण एक मीटर खोलीवर टांगतात. तळ्यातला काळ १२ ते १८ महिन्यांचा आणि शिंपल्यांची संख्या हेक्टरी २० ते ३० हजार.

आता हे आकडे आपल्या तळ्याला लावून पाहू. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळ्याचे क्षेत्र ०.०९ हेक्टर होते. म्हणजे त्यात १,८०० ते २,७०० शिंपले बसतात. 'एका शेततळ्यात दहा हजार शिंपले' असे कोणी सांगत असेल, तर त्याने शिफारशीच्या जवळजवळ चौपट किंवा त्याहून जास्त गर्दी धरली आहे. शिंपले पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी अन्न येते आणि थर हळू बसतो.

दुसरा प्रश्न अन्नाचा. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे नितळ पाणी भरलेले असते. डोळ्याला चांगले दिसणारे हे पाणी शिंपल्यासाठी रिकामे ताट असते. शेण आणि सुपर फॉस्फेट बेताने घालून पाणी हिरवट ठेवावे लागते, शिवाय कवचासाठी चुन्याचे प्रमाण सांभाळावे लागते. पण तेच पाणी ठिबकने द्राक्ष-डाळिंबाला जाणार असेल, तर शेवाळाने फिल्टर तुंबतात. एकाच तळ्यावर बाग आणि मोती दोन्ही अवलंबून ठेवताना ही ओढाताण आधी लक्षात घ्यावी. फवारणीचे औषध वाऱ्याने किंवा पावसाच्या पाण्याबरोबर तळ्यात येणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न उन्हाळ्याचा. जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही दरवर्षी सारखा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. एप्रिल-मेमध्ये उघड्या तळ्यातून रोज सेंटिमीटरभर पाणी नुसते हवेत उडून जाते. दोन महिन्यांत ही घट सुमारे ६० सेंटिमीटर होते. बागेचा उपसा वेगळाच.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये शिंपले तळ्यात सोडले, तर मेमध्ये त्यांना जेमतेम सात-आठ महिने झालेले असतात. नेमक्या त्याच वेळी पाणी तळाला जाते. पाणी संपण्यापूर्वी शिंपले काढण्याचा मोह होतो आणि हाती पातळ थराचा मोती येतो. म्हणून मोतीशेतीचा निर्णय घेताना तळे किती मोठे आहे यापेक्षा मेअखेरीस त्यात किती पाणी उरते ते पाहावे. टांगलेल्या पिशव्यांच्या खालीही पाणी राहायचे असेल तर किमान दीड मीटर खोली हवी. मागच्या तीन-चार वर्षांत ती राहिली नसेल, तर मोती त्या तळ्याचे पीक नाही.

उन्हाळा पार पडला तर मात्र थंडीचा फायदा घेता येतो. जपानमध्ये अकोया मोती हिवाळ्यात काढतात, कारण थंड पाण्यात शेवटचे पापुद्रे सावकाश आणि बारीक बसतात व चमक वाढते. हाच विचार आपल्याकडे लावला, तर ऑक्टोबरात सोडलेले शिंपले पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे १४-१५ महिन्यांनी काढणे योग्य ठरेल.

उत्पन्नाचा हिशेब कसा वाचावा?

मोतीशेतीच्या जाहिरातीत बहुधा एक साधा गुणाकार असतो: शिंपले गुणिले दोन मोती गुणिले भाव. वर पाहिलेले गुण त्यात कुठेच नसतात. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २,००० शिंपले सोडले. कागदावर ४,००० मोती झाले. त्यांतले ३० टक्के शिंपले मेले असे धरले, तर १,४०० शिंपले आणि २,८०० मोती उरतात. त्यांतले निम्मेच विकण्याजोगे निघाले, तर १,४००. त्यांतले दहा टक्के उत्तम प्रतीचे असतील, तर १४०. जाहिरातीतला भाव बहुतेक वेळा या १४० मोत्यांचा असतो आणि तो ४,००० ला लावलेला असतो. प्रत्यक्षातली टक्केवारी तळ्यागणिक आणि हातागणिक बदलेल, पण हिशेब या पायऱ्यांनीच करायला हवा.

प्रशिक्षण, शिंपले आणि 'आम्हीच मोती विकत घेऊ' अशी हमी हे तिन्ही एकाच माणसाकडून मिळत असेल, तर पैसे देण्याआधी काही प्रश्न विचारावेत. प्रत कोण ठरवणार? प्रतवारीप्रमाणे भाव करारात लिहिला आहे का? थर किमान किती जाड हवा? मोती नाकारले तर ते दुसरीकडे विकता येतील का? दोन वर्षांपूर्वी मोती विकलेल्या शेतकऱ्याची पावती पाहायला मिळेल का? आणि हैदराबादसारख्या बाजारात चिनी मोती ज्या भावाने मिळतो, त्याच्याशी आपला मोती कसा टिकणार? तांत्रिक माहितीसाठी सिफा, जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी आधी बोलणे शहाणपणाचे.

नदीतून शिंपले वेचतानाही मर्यादा हवी. शिंपल्याची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, आणि मोठा शिंपला पाणी गाळून स्वच्छ ठेवतो. पोतीच्या पोती उपसली तर नदीचे नुकसान होतेच, शिवाय पुढच्या हंगामाला बीजयोग्य शिंपलाही उरत नाही.

विकत घेताना काय पाहावे?

- दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरा मोती, नैसर्गिक असो वा संवर्धित, किंचित रवाळ लागतो. काच आणि प्लास्टिक गुळगुळीत सरकते.
- ओवण्याच्या भोकात भिंगाने पाहा. खऱ्या मोत्याची कड स्वच्छ दिसते आणि मणी असलेल्या मोत्यात थर व मणी यांच्यामधली रेषा ओळखू येते. नकली मोत्याचा लेप भोकापाशी पापडासारखा सुटलेला असतो.
- सगळे मोती हुबेहूब सारखे आणि भाव अगदी कमी असेल, तर सावध राहा.
- नैसर्गिक की संवर्धित, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण तपासणी लागते. 'बसराई' म्हणून मोठी रक्कम मागितली, तर प्रयोगशाळेचा दाखला मागा.
- दागिन्यावरचा हॉलमार्क सोन्या-चांदीची शुद्धता सांगतो. मोत्याबद्दल तो काहीही सांगत नाही.
- पावतीवर 'संवर्धित, गोड्या पाण्यातला' असा प्रकार, आकारमान आणि रंगवलेला आहे का, हे लिहून घ्या.

मोती मऊ असतो आणि आम्लाने झिजतो. अत्तर, पावडर, केसांचे तेल लावून झाल्यावर मोती घालावेत आणि घरी आल्यावर आधी उतरवावेत. मऊ कापडाने पुसून इतर दागिन्यांपासून वेगळे ठेवावेत. लिंबू, चिंच किंवा साबणाने धुऊ नयेत. रोजच्या वापरातली माळ वर्षा-दोन वर्षांनी नव्याने ओवून घ्यावी.

शेतकऱ्याने आणि गिऱ्हाइकाने मोत्याबद्दल विचारायचा प्रश्न शेवटी एकच आहे: हा मोती पाण्यात किती दिवस होता, आणि ते दिवस त्याच्या थरात दिसतात का?